डावीकडे तीन वायसर

माझे सगळे पाने मिलिमीटरचे.
एकतीस वर्षं वेंगुर्ला डेपोत एसटीचे नट फिरवले,
इंच हा शब्द फक्त पावसाच्या आकड्यात ऐकला.
पास्कूच्या एमजीला तेरा नंबरचा पाना जवळजवळ बसतो.
जवळजवळ म्हणजे काय
ते नटाचे कोपरे गेल्यावर कळतं.

मग इनासीन आतून एक गुंडाळी घेऊन आली,
जुन्या पँटीचं कापड, हातानं शिवलेले कप्पे.
"ह्यो घे. तो ह्योच वापरी."
अर्धा इंची. मुठीपाशी झिजून चकचकीत.

दोन वर्षं गाडी माडाखाली, ताडपत्रीत.
नवाबागेचं वारं ताडपत्री विचारत नाही,
खालून शिरतं, लोखंडाला चाटत बसतं.
चारही बोल्टांना रात्रभर रॉकेल आणि खोबरेल पाजलं,
सकाळी एकेक कुरकुरत सुटायला तयार झाला.

सोडण्याआधी बिजागरीभोवती पेन्सिल फिरवायची.
हे मला कुणी शिकवलं नाही.
एकदा फिरवली नव्हती, आणि रात्री साडेनऊपर्यंत
एका जीपचं बॉनेट मला हसत होतं.
म्हणून वाकलो, चष्मा पुसला,
तर तिथं रेघ होतीच.
एक नाही, तीन. केसाकेसाच्या अंतरानं.
म्हणजे तीनदा काढलं त्यानं, तीनदा बसवलं,
आणि दर खेपेला जरासं सरकलं.

बॉनेट एकट्याला काढता येत नाही.
वजनाचं काही नाही, रुंदीचं आहे:
एक टोक सांभाळलं की दुसरं काच फोडायला निघतं.
रापणीवरचा बाबल येतो म्हणाला होता.
रापण लागली, तो कुठला येतोय.

इनासीननं मॅक्सीला हात पुसले, मासळीचे,
डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.
"काचेच्या पाण्याची नळी काढलंस?"
नव्हती काढली.
"आता खांद्यार घे. हळू. तुजी बाजू आदी."

काजूखाली काथ्याची गादी टाकली होती.
ती उलटी चालत गेली,
मागे एकदाही न बघता,
विहिरीच्या कठड्याला वळसा घालून.
मी बघत होतो तिचे पाय.
पायांना वाट पाठ होती.

अकरा दिवस गेले इंजिनात.
बॉनेटवर कोंबडी बसली, उठवली, पुन्हा बसली.
वायसर मी कोकमाच्या बाटलीच्या झाकणात ठेवले होते:
उजवीकडचे दोन, डावीकडचे तीन.
त्या तिनातला एक वायसर नव्हताच,
भोकाचा पैसा होता, कधीच बंद झालेला.
मी शहाणा. बाजारातून नवा वायसर आणला.
बॉनेट बसेना. नाकाशी वर, काचेशी खाली.
पैसा परत घातला.

"कुठच्या रेघेर लावतंस?"
शेवटच्या, म्हटलं. शेवटची तीच खरी.
"मदली," ती म्हणाली.
"शेवटची त्येची चूक.
मागसून गाडी भायर काढलीच नाय."

मधल्या रेघेवर लावलं.
दाबायचं नसतं, वीतभर उंचीवरून सोडून द्यायचं.
सोडलं.
डबा बंद झाल्यासारखा एकच आवाज,
आणि स्वयंपाकघरातून तिचा कुत्रा
शेपटी हलवत धावत बाहेर आला,
गाडीभोवती एक फेरी मारून
फाटकाकडे बघत बसला.
आम्ही दोघांनी हत्यारं आवरायला घेतली.

रविवारी कोल्हापूरचं गिऱ्हाईक आलं.
इंजिन ऐकलं, टायरांना लाथा मारून पाहिल्या,
फटीवरून बोट फिरवलं. म्हणाला, गॅप सारखी नाही,
डावीकडे जास्त आहे.
"आसा," इनासीन म्हणाली.
पैसे मोजून घेतले, रबर लावलं.
हत्यारांची गुंडाळी सोबत येणार का, त्यानं विचारलं.
ती आत निघून गेली होती.

घरी येऊन खिसे रिकामे केले
तर अर्धा इंची पाना माझ्याकडेच.
द्यायला जायला हवं. उद्या, परवा.
माझ्या घरात त्याला बसेल असं
काहीच नाही.